पीटर पॅनचा बाप आणि मागवाल्याची लेक

नमस्कार दादा,

इचलकरंजीहून पाठवलेलं पत्र मिळालं. घरचे आठ माग, एकच मुलगी. बारावी कॉमर्स झाली की शिक्षण बंद, पुण्यात खोली घेऊन नाटकं लिहिणार म्हणते. तुमचा आग्रह सीएचा. 'पीटर पॅन' हे मुलांचं नाटक लिहिणारा जे. एम. बॅरी घरच्यांना जुमानला नाही म्हणून मोठा झाला, हा तिचा दाखला. खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्ध तुम्हीच तिला सांगा, कारण बॅरी तुमच्याच धंद्यातल्या घरचा. स्कॉटलंडमधलं किरीम्यूर हे विणकरांचं गाव, वडील हातमागावर बसणारे, दहा भावंडांत हा नववा. घरच्यांना तो पाद्री व्हायला हवा होता, त्याला लिहायचं होतं. शेवटी तोडगा निघाला: विद्यापीठात जायचंच, पण विषय साहित्य. 1882 मध्ये तो एडिनबरोतून एम.ए. झाला. शिकता शिकताच तिथल्या एका वर्तमानपत्रात नाटकांची परीक्षणं लिहीत होता.

पुढे बहिणीनं पेपरातली जाहिरात दाखवली आणि नॉटिंगहॅमच्या दैनिकात अग्रलेख लिहायची नोकरी लागली. मूड असो-नसो, ठरल्या वेळेला मजकूर गेलाच पाहिजे. मला विचाराल तर त्याची खरी तालीम तिथे झाली. 1884 मध्ये ती नोकरी सुटली, गडी गावी परतला आणि आईकडून ऐकलेल्या जुन्या विणकरांच्या, कडक धर्मनिष्ठ माणसांच्या गोष्टी लिहू लागला. लंडनच्या संपादकानं नेमकी तीच चीज उचलली, असलं आणखी आहे का म्हणून विचारलं. मग कुठे 1885 मध्ये त्यानं लंडन गाठलं.

तिथेही लगेच काही झालं नाही. 1887 मध्ये पदरचे पैसे घालून काढलेलं पुस्तक बुडालं. गावाकडच्या गोष्टींनीच नाव दिलं. 1891 मध्ये एका नाटकाचा तर एकच प्रयोग झाला. 'पीटर पॅन' रंगमंचावर आलं 27 डिसेंबर 1904 रोजी. तेव्हा बॅरी 44 वर्षांचा होता! (1929 मध्ये त्यानं या नाटकाचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलला देऊन टाकले. करार, मानधन, हक्क हेही लेखकाला कळावं लागतं. तुमची लेक कॉमर्सची आहे, तिला जड जाऊ नये.)

पुण्याला पाठवा, पण कॉलेजात नाव घालून. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा, तिला उतरायचं तर कॉलेज लागतंच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयालाही पदवी मागतात. बी.कॉम. की बी.ए., हे तिला ठरवू द्या. सीएचा आग्रह मात्र तुम्ही सोडा. त्या अभ्यासात तालमीला वेळ उरत नाही.

तिच्या दोन्ही एकांकिका वाचल्या. संवाद चुरचुरीत आहेत, कान चांगला आहे. पण दोन्ही मुंबईच्या फ्लॅटमध्ये घडतात आणि पात्रं सिरियलमधून आल्यासारखी बोलतात. तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की आजी अजून शेडमध्ये बसून कांड्यांवर सूत भरते आणि मागांच्या खडखडाटामुळे सगळ्यांशी ओरडूनच बोलते, घरी आल्यावरसुद्धा. मुलीच्या लिखाणात ही आजी कुठेच नाही.

पुढच्या पत्रासोबत तिच्याकडून आजीवर एक पान लिहून घ्या आणि पाठवा. तिच्याच अक्षरात.