जागल्याचे हात स्वच्छच असायला हवेत का?

विचारणाऱ्यानं तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. सरकारी खात्यातला गैरव्यवहार आतून उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, म्हणजे जागल्यांचा, इतिहास काय, लोकशाहीत त्यांना खरंच काही स्थान आहे का, आणि ज्यानं पूर्वी स्वतःच अशा कागदांवर सह्या केल्या आहेत त्यानं तक्रार करावी का. तिसरा प्रश्न वाचला आणि झोप गेली. हाच प्रश्न मला माझ्याच घरात, समोर ताट वाढलेलं असताना विचारला गेला होता.

माझं उत्तर आधी सांगतो. करावी. त्यानंच करावी.

मी तेव्हा कनिष्ठ अभियंता होतो. खातं, जिल्हा काही सांगत नाही. दुष्काळी तालुका होता, रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चालू होतं. या कामात मोजमाप पुस्तिका, म्हणजे आमच्या भाषेत एमबी, ही सगळ्याची आई. तिच्यात किती घनमीटर माती टाकली ते लिहायचं, खाली सही करायची, त्यावर बिल निघतं. दुसरीकडे मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट. दोन्ही जुळले की पैसे सुटतात. ते जुळवण्याचं काम कागदावर होतं, जमिनीवर होत नाही, हे मला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कळलं.

पहिल्या दोन एमबींवर मी सही केली. भराव जेवढा लिहिला तेवढा नव्हता हे मला ठाऊक होतं. मार्चअखेर होती, उपअभियंता साहेब समोर बसून होते, बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. कारणं खरी होती, पण सहीही खरी होती.

तिसऱ्या वेळी कामावरची एक बाई माझ्याजवळ आली. वय असेल चाळिशीचं. टोपलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "सायेब, तुमच्या वहीत माझे किती दिस भरले?" मी मस्टर उघडलं. तिच्या नावापुढं चोवीस दिवसांची हजेरी होती. ती म्हणाली, मी तर अकरा दिस आले, आणि मुकादमानं पैसे दिले नवाचे. चोवीस, अकरा, नऊ. मी तिला आकडा सांगितला नाही. "बघतो" म्हणालो आणि मस्टर मिटलं. त्या रात्री मी त्या मस्टरवरचे अंगठे निरखून पाहिले. बरेचसे एकाच बोटाचे होते.

तिसऱ्या एमबीवर सही केली नाही. पाच फुलस्केप पानांचं पत्र लिहिलं, कार्बन प्रत काढली आणि मुंबईला वरिष्ठ कार्यालयाकडे रजिस्टर्ड पोचपावतीनं पाठवलं. नाव, हुद्दा, सही, सगळं घातलं. मित्र म्हणाला होता की निनावी पाठव. पण निनावी पत्राचं काय होतं ते आम्हाला माहीत होतं. ते दप्तरी दाखल होतं, म्हणजे मरतं. शेवटी लिहिलं होतं, "माझे नाव कृपया गोपनीय ठेवावे."

सात आठवड्यांनी कार्यकारी अभियंत्यांनी बोलावलं. टेबलावर माझंच पत्र होतं. कार्बन प्रत नव्हे, मूळ पत्र, माझ्या निळ्या शाईच्या सहीचं. समासात वरून खाली चार शेरे. मुंबईहून मंडळाकडे, मंडळाकडून विभागाकडे, "उचित कार्यवाहीसाठी", "तपासून अहवाल द्यावा". शेवटचा शेरा मी आजही तोंडपाठ म्हणून दाखवू शकतो: "संबंधितांचा खुलासा घेऊन अहवाल सादर करावा." संबंधित म्हणजे ज्यांच्याविरुद्ध पत्र होतं ते. त्यांनी ते माझ्या आधी वाचलं होतं.

पुढचं तुम्ही ओळखालच. महिन्यात बदली झाली. मग विभागीय चौकशी, तीही माझीच, त्या पहिल्या दोन एमबींसाठी. दोषारोपपत्रात लिहिलेलं सगळं खरं होतं. पत्रात मी त्या दोन सह्यांचा उल्लेख टाळला होता आणि तिथंच त्यांनी मला धरलं. दोन वेतनवाढी गेल्या, पदोन्नती नऊ वर्षं लांबली. तलावाचा भराव दुसऱ्या पावसाळ्यात खचला, खालच्या दोन शेतकऱ्यांची जमीन खरवडून गेली. त्याची चौकशी झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता ताटावरची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान महसूल खात्यात नायब तहसीलदार होते. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. चौकशी लागली त्या आठवड्यात ते घरी आले होते. जेवताना म्हणाले, "सह्या केल्यास तेव्हा जीभ कुठं गेली होती? त्या पंगतीत दोनदा जेवलास आणि तिसऱ्यांदा वाढपी वाईट म्हणून ओरडतोस. तुला तो अधिकारच नाही." माझ्या बायकोनं वाढायचं थांबवलं. मी काहीच बोललो नाही. पुढची पंचवीस वर्षं मी त्यांना उत्तर देत राहिलो, तेच इथं देतो. तुमचा इतिहासाचा प्रश्नही त्यातच येईल.

दाजी महसूलचे, म्हणून मी त्यांना मामलेदारांचीच (तेव्हाच्या तहसीलदारांचीच) गोष्ट सांगितली. आर्थर क्रॉफर्ड, ज्याच्या नावाचं मार्केट मुंबईत आहे (आता महात्मा जोतिबा फुले मंडई), तो पुढे पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर झाला. बदल्या-बढत्यांसाठी मामलेदारांकडून मध्यस्थामार्फत पैसे घेतो असा त्याच्यावर आरोप आला. १८८८ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारनं चौकशी आयोग नेमला. पण पुरावा देणार कोण? पैसे देणारे मामलेदारच देणार. सरकारनं त्यांना अभय दिलं: खरं सांगा, तुम्हाला हात लागणार नाही. त्या शब्दावर विसंबून ते पुढे आले आणि "होय, आम्ही पैसे दिले" असं सांगितलं. आयोगानं लाचेचे आरोप सिद्ध धरले नाहीत, पण हाताखालच्या लोकांकडून कर्जाऊ रकमा घेतल्याबद्दल क्रॉफर्डची नोकरी गेली. मग तिकडे विलायतेत ओरड सुरू झाली की लाच दिल्याची कबुली देणारी माणसं न्यायनिवाड्याच्या खुर्चीवर कशी बसतात. सरकारनं शब्द फिरवला आणि काही मामलेदारांना काढून टाकलं. बाकीच्यांवर खटले होऊ नयेत म्हणून १८८९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. पुण्यात टिळकांनी 'केसरी'तून आणि जाहीर सभेतून मामलेदारांची बाजू घेतली. मामलेदार स्वच्छ होते असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सरकारनं दिलेला शब्द पाळावा, एवढी त्यांची मागणी होती.

दाजी म्हणाले, "ते इंग्रजांचं राज्य होतं."

मग २००३ चा नोव्हेंबर आला. सत्येंद्र दुबे, आयआयटी कानपूरचे स्थापत्य अभियंता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात, झारखंडमध्ये कोडरमाला सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर. त्यांनी २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना पत्र लिहून कामातले गैरप्रकार कळवले होते आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ते पत्र नावासकट कार्यालयांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. वय तिशीचं. मी वर्तमानपत्र घेऊन एसटीडी बूथवर गेलो, दाजींना फोन लावला आणि एवढंच विचारलं, "यांचे हात तर स्वच्छ होते ना?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तब्येत सांभाळ."

म्हणून सांगतो, स्वच्छतेची ही अट फसवी आहे. आतली गोष्ट माहीत असते ती आत बसलेल्याला, आणि आत बसलेला माणूस बहुधा एखाददुसऱ्या सहीनं बांधलेला असतो. ज्याचे हात अगदी कोरे आहेत त्याच्या टेबलावर ती फाईल येतच नाही. लोकशाहीतल्या स्थानाबद्दल विचारलंत, तर माझ्या दृष्टीनं ते इतकं साधं आहे. २००५ च्या माहिती अधिकारानं नागरिकाला फाईल मागता येते, पण कोणती फाईल मागायची ते आतलाच सांगतो. मराठीत व्हिसलब्लोअरला 'जागल्या' म्हणतात तो शब्द मला आवडतो. जागल्या गावाचा रात्रीचा राखणदार, आणि त्याच्या पोटाची सोय गाव करायचं. आपण शब्द घेतला, पोटाची सोय विसरलो.

अमेरिकेचं उदाहरण सगळे देतात, ते मीही देतो, कारण त्यात एक मुद्दा आहे. १७७७ मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, सॅम्युएल शॉ आणि रिचर्ड मार्व्हन या दोघा नौदलातल्यांनी आपल्या सरसेनानीच्या, ईसेक हॉपकिन्सच्या, गैरवर्तनाबद्दल तक्रार केली. हॉपकिन्सनं उलट दावा लावला, दोघे तुरुंगात गेले. ३० जुलै १७७८ ला त्यांच्या काँग्रेसनं ठराव केला की सेवेतल्या प्रत्येकानं गैरप्रकाराची खबर लवकरात लवकर देणं हे कर्तव्यच आहे, आणि या दोघांच्या वकिलाचा खर्च सरकारनं उचलला. ठराव कुणीही करतं. खर्च उचलला हे महत्त्वाचं.

आपल्याकडे विधी आयोगानं २००१ मध्येच १७९ व्या अहवालात संरक्षणाचा कायदा सुचवला होता. दुबेंच्या खुनानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २१ एप्रिल २००४ ला केंद्राचा ठराव निघाला आणि केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारी द्यायची सोय झाली. कायदा संसदेत २०१४ मध्ये मंजूर झाला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली. राज्याचे कर्मचारीही त्याच्या कक्षेत येतात. पण तो अमलात आल्याची अधिसूचना निघालेली नाही. पुस्तकात कायदा आहे, तुमच्या पाठीशी नाही. उलट २०१५ मध्ये तो सौम्य करणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेनं मंजूर केलं, ते पुढे बारगळलं. एवढी घाई अंमलबजावणीची का नाही, याचा मला आजही राग येतो.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांच्या खर्चावर आणि दर्जावर पत्र लिहिलं. त्याच सुमारास आर्थिक पाहणीतून दशकभरात सिंचनाखालचं क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्यानं वाढल्याचा आकडा पुढे आला. उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, श्वेतपत्रिका, चौकशीसाठी चितळे समिती, हे सगळं त्यानंतर झालं. मी ती कात्रणं फाईलला लावली. एका अभियंत्याच्या पत्रानं सरकारला आकडे मांडावे लागले, हे मी नोकरीत असताना पाहिलं, याचा मला अभिमान आहे.

काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. दुबेंच्या खुनात २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली ती लुटीच्या हेतूनं केलेल्या खुनासाठी. पत्र आणि खून यांचा संबंध न्यायालयात सिद्ध झालेला नाही. माझं मन मानत नाही ही वेगळी गोष्ट. दुसरं, प्रत्येक तक्रारदार जागल्या नसतो. वरच्याची खुर्ची रिकामी व्हावी म्हणून केलेल्या तक्रारी मी डोळ्यांनी पाहिल्यात, आणि २०१४ च्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, ती मला योग्य वाटते. तिसरं, लष्कर, गुप्तवार्ता वगैरे खात्यांत तुम्ही असाल तर माझा सल्ला लागू नाही. तिथं १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहे, आधी वकील गाठा.

आता तुमच्यासाठी. केंद्राच्या सेवेत असाल तर २००४ च्या ठरावाखाली दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात द्या, लिफाफ्यावर ठरावाचा उल्लेख हवा, तो नसेल तर ती साधी तक्रार धरतात आणि नाव गुप्त राहत नाही. राज्याच्या सेवेत असाल तर लोकायुक्त आहेत, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, पण नावाची हमी कुणी देईल असं मी सांगणार नाही. वर्तमानपत्राकडे कागद दिलेत तर राज्य कर्मचाऱ्यांसाठीचे १९७९ चे वर्तणूक नियम तुमच्यावर लागतील, हे धरून चाला. घरच्यांना आधी सांगा. मी पत्र टाकल्यावर बायकोला सांगितलं, ती चूक होती.

आणि पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात स्वतःच्या सह्या लिहा. कोणत्या तारखेची एमबी, कोणतं पान, किती मोजमाप खोटं, का सही केली. त्यांना ते शोधायला लावू नका. मी लपवलं म्हणून तलावाची चौकशी माझी चौकशी झाली. दाजींचं तेवढं बरोबर होतं की सह्यांचा जाब मला द्यावा लागणार. म्हणून तोंड बंद ठेवायचं, हे बरोबर नव्हतं. दाजी गेल्या वर्षी गेले, त्यांनी हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

चौकशीत मला लेखी बचाव द्यायचा होता तेव्हा मी तो परिच्छेद अखेर लिहिला, दोन्ही सह्यांसकट. त्याच्याखाली त्या बाईचं नाव आणि तिचे दिवस लिहिले: मस्टरवर चोवीस, प्रत्यक्षात अकरा, पैसे नवाचे. चौकशी अधिकाऱ्यांनी तो भाग अप्रस्तुत ठरवला, पण कागद प्रकरणात लागला आणि त्यावर पानाचा क्रमांक पडला.