अमेरिकन रॅपर टुपाक शकूरवर (१९७१-१९९६) लिहायचंय, विकिपीडियाच्या पलीकडे कुठे शोधू?

आधी गाणी, पण नुसते शब्द वाचून थांबू नका. अल्बमवरची श्रेयनामावली बघा. १९९५ च्या ‘डिअर मामा’मध्ये पियानोवादक जो सॅम्पल (Joe Sample) आणि ‘द स्पिनर्स’ हा गायकांचा गट यांच्या जुन्या गाण्यांचे तुकडे आहेत. ती मूळ गाणी लागोपाठ ऐका, त्यानं काय उचललं आणि काय बदललं ते कानालाच कळतं.

मग जुनी वर्तमानपत्रं. टुपाकची आई अफेनी शकूर ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षात होत्या. पँथर सदस्यांवरच्या न्यूयॉर्कच्या गाजलेल्या खटल्यातून त्या मे १९७१ मध्ये निर्दोष सुटल्या आणि साधारण महिन्याभरानं, १६ जूनला, टुपाक जन्मला. त्या खटल्याच्या बातम्या वाचल्याशिवाय त्याच्या गाण्यांतला पोलिसांवरचा राग अर्धाच समजतो, असं माझं मत. त्याची हस्तलिखितं अटलांटा युनिव्हर्सिटी सेंटरच्या वुडरफ ग्रंथालयात आहेत.

मुलाखती मात्र जपून घ्या. कॅमेरा दिसला की रॅपर थोडा भूमिकेत शिरतोच. प्रत्येक मुलाखतीची तारीख टिपून ठेवा: १९९५ च्या सुरुवातीला तुरुंगातून बोलणारा टुपाक आणि ऑक्टोबरमध्ये सुटल्यानंतरचा टुपाक यांच्या बोलण्यात बराच फरक आहे.

आणि ‘तो अजून जिवंत आहे’वाले व्हिडिओ? सरळ सोडून द्या.