बोट मेलेलं नाही, नस वाटेवर आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहाळं तासताना वडिलांच्या हातून कोयती निसटली, डाव्या तर्जनीच्या मुळाशी अंगठ्याकडच्या बाजूला खोल वार बसला, नस शिवून अडीच महिने झाले. बोटाची ती बाजू अजून बधिर आहे, पण मधल्या पेरावर काही आपटलं की करंट बसतो. वाडीतले म्हणतात नस मेली, आणि वडील म्हणतात, "ह्यां बोट माझां न्हय."

मी रत्नागिरीकडे हाताच्या दुखापतींची फिजिओथेरपी करते आणि असे हात नेहमी बघते. तो करंट ही चांगली बातमी आहे. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण एकदा कारण कळलं की वडील पुढची पथ्यं पाळतील.

संवेदनेचा प्रत्येक तंतू हा एकाच पेशीचा लांबलचक भाग असतो. बोटाच्या बाबतीत त्या पेशीचं मूळ शरीर बोटात नसतं, ते मानेपाशी मणक्याच्या कडेला छोट्या गाठीत असतं. कोयती लागली ती तंतूला. पेशी वर सुखरूप आहे, आणि ती सुखरूप आहे म्हणूनच नवा तंतू फुटू शकतो.

हे तंतू सगळे एका जातीचे नसतात. हलका स्पर्श आणि कंप कळवणारे जाड असतात. त्यांच्याभोवती श्वान पेशींनी (नसेतल्या मदतनीस पेशी, श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव) गुंडाळलेलं मायलिनचं वेष्टण असतं, आणि त्यांतून संदेश सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर धावतो. टोचणं नि गारवा कळवणारे त्याहून बारीक. जळजळ, ऊब, खाज यांचे तंतू सगळ्यांत बारीक, वेष्टण नसलेले, सेकंदाला जेमतेम मीटरभर. पायाला ठेच लागल्यावर आधी चटकन कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, तो ह्या दोन वेगांतला फरक.

संदेश म्हणजे तंतूच्या पापुद्र्यातली, सोडियम आत सोडणारी दारं एकापाठोपाठ उघडत जाणं. दाताच्या डॉक्टरांचं लिग्नोकेन हीच दारं बंद ठेवतं, म्हणून जबडा बधिर होतो. आपल्याकडच्या लाल विंचवाचं विष नेमकं उलट करतं, दारं मिटूच देत नाही आणि नस थांबायचं नाव घेत नाही. (तिथे खरा धोका हृदयाला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले, ते कोकणात वेगळं सांगायला नको.)

आता तुटलेल्या नसेचं. ऑगस्टस वॉलर या संशोधकांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं की कापाच्या पलीकडचा तंतू काही दिवसांत विरून जातो. नस कितीही सुबक शिवली तरी हे टळत नाही. म्हणजे शिवल्यामुळे जुना तंतू जुळत नाही, शिवण फक्त वाट जुळवते. पोफळीच्या बागेत पाट फुटला तर खालचं पाणी आटतं, पण पाट खणलेला राहतोच, तसं हे आहे. श्वान पेशी आणि सफाई करणाऱ्या पेशी मिळून जुना गाळ काढतात, मग श्वान पेशी रांगेत उभ्या राहून पाट मोकळा ठेवतात आणि वरून येणाऱ्या नव्या तंतूला पुढे ओढतात. गोची एवढीच की शिवणीपाशी असे असंख्य बारीक पाट समोरासमोर आणलेले असतात, आणि काही पाणी शेजारच्या पोफळीला जातं. स्पर्शाचा तंतू उष्णतेच्या वाटेला लागतो, पेराच्या मधल्या भागाचा तंतू टोकाला पोचतो. म्हणून बोट जागं झालं तरी सुरुवातीला खोटं बोलतं. आणि मज्जारज्जूत हे असं घडत नाही, तिथलं मायलिनच वाढ अडवतं. नशीब की वार बोटावर होता.

नव्या तंतूचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, त्याआधी शिवण ओलांडायला दोनतीन आठवडे. तर्जनीच्या मुळापासून टोकापर्यंत मोठ्या माणसाला सात-आठ सेंटिमीटर धरा. अडीच महिन्यांत तंतू मधल्या पेराच्या आसपास असायला हवा, आणि करंट तिथेच बसतोय! वाढत्या टोकावर सोडियमची दारं दाटीने जमतात, त्यामुळे नुसत्या धक्क्यानेही ते पेटतं. ज्यूल्स टिनेल आणि पॉल हॉफमन या संशोधकांनी १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, हीच खूण एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. घरी करून बघा: बोटाच्या टोकापासून जखमेकडे हलकेच टिचक्या मारत या, जिथे पहिल्यांदा झिणझिणी येईल तिथे बॉलपेनने ठिपका द्या आणि जखमेपासूनचं अंतर लिहून ठेवा. महिन्यातून एकदा पुरे, रोज नको. ठिपका पुढे सरकतोय ना, एवढंच बघायचं.

आता वडिलांच्या "शर्ट घासला तरी आग होते" या तक्रारीबद्दल. हेन्री हेड या इंग्लिश डॉक्टरांनी १९०३ मध्ये स्वतःच्या डाव्या हाताची त्वचेची नस कापून, लगेच शिवून घेतली आणि विल्यम रिव्हर्स या सहकाऱ्यासोबत पुढची काही वर्षं ती कशी परत येते ते नोंदवत बसले. वेडेपणाच, पण उपयोगी! आधी टोचणं आणि अति गरम-अति गार कळू लागलं, तेही भडक, आणि नेमकं कुठे ते सांगता येईना. हलका, नेमका स्पर्श पुष्कळ उशिरा आला. त्यांनी काढलेला सिद्धांत पुढे टिकला नाही, पण हा क्रम आम्ही आजही पेशंटमध्ये बघतो. म्हणजे आग होणं हा मधला टप्पा आहे. त्या बाजूला दिवसातून चारपाच वेळा दोनदोन मिनिटं आधी कापूस, मग सुती धोतराचा तुकडा, मग टॉवेल फिरवा. बोट गुंडाळून लपवून ठेवू नका, त्याने भडकपणा वाढतो.

एक गंमत सांगते. लावणीच्या दिवसांत चिखलपाण्यात बोटं सुरकुततात ना? त्या सुरकुत्याही नसच पाडते. हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा (पाणी दुसऱ्या हाताने तपासून). वडिलांच्या तर्जनीची एक कड सुरकुतेल, अंगठ्याकडची गुळगुळीत राहील, आणि घामही नसल्यामुळे कोरडी लागेल. काही महिन्यांनी तिथे सुरकुती दिसायला लागली तर नस पोचतेय असं समजा.

खरा धोका दुखण्यात नाही, न दुखण्यात आहे. पेजेचा टोप, चुलीतलं लाकूड, काजूगर काढताना लागणारं टरफलाचं तेल, ह्यांनी कातडी भाजेल आणि कळणार नाही. रोज रात्री दिव्याखाली बोट बघायचं. गरम विटेचा शेक तर अजिबात नको. त्याने आलेले फोड मी दरवर्षी बघते.

टोकाला स्पर्श कळू लागला की मेंदूची शिकवणी सुरू करायची, कारण मेंदूकडचा बोटाचा नकाशा अजून जुनाच आहे. तांदूळ, वाळू, सुंभ, कोकमाच्या बिया, शिंपला: डोळे उघडे ठेवून चाचपायचं, मग मिटून, मग पुन्हा उघडून पडताळायचं. कंटाळवाणं आहे, पण ह्याला पर्याय नाही. पूर्ण पहिल्यासारखं होईल असं मी लिहिणार नाही. साबूत बोटाच्या टोकाला दोनतीन मिलिमीटर अंतरावर एकदम टेकवलेली दोन टोकं वेगळी कळतात. पन्नाशीनंतर शिवलेल्या नसेत तेवढं बारीक सहसा येत नाही. भाजलं-टोचलं कळेल आणि वस्तू हातातून निसटणार नाही, एवढं मात्र बहुधा मिळतं.

गोळ्यांबद्दल: बी-१२ कमी असेल तर जरूर घ्या, रक्त तपासून. पण मेडिकलमधून "नसांची ताकद" म्हणून आणलेल्या गोळ्यांत बऱ्याचदा बी-६ असतं, आणि ते जास्त प्रमाणात दीर्घकाळ घेतलं तर स्वतःच संवेदनेच्या नसा बिघडवतं. साखर तपासून घ्या, मधुमेहात वाढ मंदावते. तंबाखूबद्दल वडिलांना तुम्हीच काय ते सांगा.

ठिपका लागोपाठ दोन महिने एकाच जागी राहिला, किंवा शिवणीवरच कळ आणि गाठ लागायला लागली, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना लगेच दाखवा; तिथे तंतूंचा गुंता झालेला असू शकतो आणि त्यावर इलाज आहे. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या. त्यावर नस थेट शिवली की मधे दुसरीकडची नस जोडली ते बघा. जोडली असेल तर तंतूला दोन शिवणी ओलांडाव्या लागतात, तेव्हा वरच्या हिशेबात आणखी काही आठवडे धरा.