यंत्रासाठी घडलेली अक्षरे आणि मराठी शीर्षक

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील रोबोटिक्स प्रदर्शनाच्या पुस्तिकेची मांडणी माझ्याकडे आहे. कोनदार आणि सर्व अक्षरांना सारखीच रुंदी असलेला ‘ओसीआर-ए’ हा फॉन्ट संपूर्ण पुस्तिकेत वापरावा का? मराठी शीर्षकही त्याच वळणाचे करता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : संपूर्ण पुस्तिकेत वापरू नये. आज भविष्यकाळातला वाटणारा हा फॉन्ट १९६८ साली अमेरिकेत तयार झाला, तेव्हा त्यामागे शोभेचा विचार नव्हता. छापील मजकूर वाचणाऱ्या त्या काळच्या यंत्रांचा दोन अक्षरांत घोटाळा होऊ नये, ही गरज होती. म्हणून त्यातील रेषांची जाडी एकसारखी आहे, आणि शून्याशी गल्लत टळावी यासाठी रोमन ‘ओ’ शंकरपाळ्यासारखा टोकदार केलेला आहे. सारख्या रुंदीमुळे पुढचे अक्षर कोठे सुरू होणार, हेही यंत्राला आधीच कळते. वाचकाला मात्र त्याचा जाच होतो, कारण ‘आय’भोवती पोकळी राहते, ‘एम’ आवळले जाते आणि परिच्छेदभर मजकूर वाचताना डोळे शिणतात. त्याच वर्षी स्विस अक्षररचनाकार आद्रियान फ्रुटिगर यांनी केलेला ‘ओसीआर-बी’ पुष्कळ सौम्य आहे. आपल्या पासपोर्टच्या माहितीपानावर तळाशी असलेल्या, प्रत्येकी ४४ चिन्हांच्या दोन ओळी त्यातच छापतात.

तेव्हा दालनांचे क्रमांक, वेळा, यंत्रांची सांकेतिक नावे, आकृत्यांवरील खुणा एवढ्यापुरताच ओसीआर-ए ठेवावा आणि मजकुरासाठी साधा, वाचनीय फॉन्ट निवडावा.

मराठी शीर्षकाचा प्रश्न अधिक अवघड, आणि माझ्या मते अधिक रंजकही आहे. ‘र’ आणि ‘क्ष’ एकाच मापाच्या चौकटीत बसवले, तर एक सैल पडतो आणि दुसरा घुसमटतो. मराठी टंकलेखन यंत्राने ही अडचण काही अक्षरांपुरती तोडून सोडवली होती : ‘ण’ किंवा ‘श’ उमटवण्यासाठी आधी अर्धे अक्षर आणि मग काना, असे दोन ठोके द्यावे लागत. चार-पाच अक्षरांच्या शीर्षकासाठी एवढा खटाटोप कशाला? सारख्या रुंदीचा हट्ट सोडून अक्षरे हातानेच रेखाटावीत; रेषेची जाडी एकच ठेवावी, गोलाईच्या जागी तिरके छेद द्यावेत आणि शिरोरेषा सलग, सरळ ओढावी. मात्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतील फरक लहानशा वळणावर आणि शिरोरेषेच्या तुटण्यावर अवलंबून असल्याने तेथे कोन काढताना विशेष जपावे, नाहीतर मुखपृष्ठावर ‘धर’चे ‘घर’ व्हायचे. रेखाटन झाल्यावर ते छपाईच्या प्रत्यक्ष आकारात काढून, विषय ठाऊक नसलेल्या कोणाकडून तरी वाचून घ्यावे.