व्हिजिट व्हिसावर दुबईला जाऊन तिथे वर्क व्हिसा करून घ्यावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ दहावी नापास आहे, लोट्याला वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो, आणि एजंट सव्वा लाख घेऊन त्याला आधी व्हिजिट व्हिसावर पाठवतोय. कंपनीचा व्हिसा तिथे गेल्यावर महिन्याभरात लागेल म्हणे. पाठवू नका. मी शारजात एका फॅब्रिकेशन कंपनीच्या ऑफिसात कामगारांच्या व्हिसाच्या फायली बघायचो. या वाटेने आलेली मुलं नोकरी मागायला आमच्या दारात यायची, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

एजंटचं अर्धं बोलणं खरं आहे. अमिरातीत राहूनच व्हिजिटचा वर्क व्हिसा करून घेता येतो. पण तो होईपर्यंत एक दिवसही काम करता येत नाही, आणि नेमकं हेच तो सांगणार नाही. प्रत्यक्षात पोरगा पोचला की दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात मशीन देतात. फाइल टाकलीय, होईल, असं सांगत राहतात. व्हिजिटची मुदत साधारण ३० किंवा ६० दिवसांची, ती संपली की दिवसाला ५० दिरहम दंड चढायला लागतो. आता पगार मागायचा तर कुठल्या कागदावर? करार नाही, लेबर कार्ड (तिथला कामाचा परवाना) नाही, पगार बँकेतून आलेला नाही. तक्रार करायला गेला तर तो स्वतःच बेकायदा काम करत होता हे आधी पुढे येतं. अशा कंपन्यांना २०२४ पासून किमान १ लाख आणि जास्तीत जास्त १० लाख दिरहम दंड आहे. त्यामुळे तपासणी आली की मालक अशा मुलाला ओळखही दाखवत नाही.

दहावी नापास म्हणजे भावाचा पासपोर्ट ईसीआर असणार, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा. अशा पासपोर्टवर आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. एजंटला व्हिजिट आवडतो तो यासाठी. मंजुरी घ्यायची तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कंपनीची नोंद लागते, कराराची प्रत लागते, एजंटकडे लायसन्स लागतं. शिवाय प्रवासी भारतीय बिमा योजनेचा विमा काढावा लागतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर त्यात १० लाखांचं संरक्षण असतं, आणि दोन वर्षांचा हप्ता करासह साडेतीनशेच्या आत बसतो. वेल्डिंगचं, उंचावरचं काम करणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी तो विमा सोडू नये. व्हिजिटवर गेला तर यातलं काहीच नाही. वर मुंबई विमानतळावर इमिग्रेशनला शंका आली तर तिथूनच ऑफलोड करतात, म्हणजे विमानात चढू देत नाहीत. "एअरपोर्टवर सेटिंग आहे" असं एजंट म्हणाला असेल तर त्याच्याशी पुढे बोलूच नका.

आता पैशांचं. लायसन्स असलेल्या एजंटला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० पेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि त्याची पावती द्यावी लागते. गावात फिरून मुलं गोळा करणाऱ्या सब-एजंटला आपल्या कायद्यात जागाच नाही. तिकडचा कायदाही स्पष्ट आहे. २०२२ पासून लागू झालेल्या अमिरातीच्या कामगार कायद्यात भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं लिहिलेलं आहे. सव्वा लाख मग कशाचे, हा प्रश्न एजंटला सरळ विचारा.

नीट पद्धत अशी. आधी कंपनीकडून अमिरातीच्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर येतं. अरबी आणि इंग्रजीबरोबर ते हिंदीतही मिळतं, तेव्हा भावाने स्वतः वाचून सही करावी. मग नोकरीचं एंट्री परमिट निघतं, इथे मंजुरी होते, आणि त्यानंतर तिकीट. तिथे उतरल्यावर मेडिकल, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी. मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे असतो. टीबीवरून मुलं परत पाठवलेली मी पाहिली आहेत, म्हणून एक्स-रे आधी इथेच काढून डॉक्टरांना दाखवा.

ऑफर लेटरमध्ये बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती ते बघा. एजंट एकूण आकडा सांगतात, १८०० दिरहम वगैरे. पण नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: वर्ष भरल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार. १८०० मधले बेसिक १००० असतील तर वर्षाचे ७०० दिरहम, सगळेच बेसिक असतील तर १२६०. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. आणि पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं तिथे बेकायदा आहे, तरी मागतात. भावाने तो देऊ नये.

आणखी एक वाट आहे आणि मला ती मनापासून सुचवावीशी वाटते. भाऊ तरुण आहे, त्याला पुन्हा दहावीला बसवा. पास झाला की पासपोर्टवरचा ईसीआर शिक्का निघतो. मात्र तेव्हाही व्हिजिटवर काम करणं बेकायदाच राहील, हे त्याला सांगून ठेवा.

उद्या एजंटकडे दोनच गोष्टी मागा: ई-मायग्रेटवरचा लायसन्स नंबर आणि सही-शिक्क्याचं ऑफर लेटर. नंबर पोर्टलवर तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. टाळाटाळ केली तर पासपोर्ट त्याच्याकडे दिला असेल तो त्याच दिवशी परत घ्या. आणि ओळखीतलं कोणी आधीच तिथे अडकलं असेल तर त्यांना दुबईच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकट नंबर द्या, ८०० ४६३४२.