‘गेट’चे अर्थ पाठ करावेत का?

प्रश्न : मी निवृत्त लेखापाल असून सातवीतल्या नातीचा इंग्रजीचा अभ्यास घेतो. परवा ती म्हणाली, ‘आय गॉट माय हेअर कट.’ ‘गेट’ म्हणजे मिळणे, असे आम्ही शिकलो. मग इथे तिला काय मिळाले? शब्दकोशात तर या क्रियापदाखाली अर्थांची भली मोठी रांग आहे. ती पाठ करून घ्यावी काय?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : मुळीच नको. आपल्या ‘लागणे’चे अर्थ आपण कधी पाठ केले होते? सिंहगडाला जाताना खडकवासला लागते, कात्रजच्या घाटात एखाद्याला गाडी लागते, मग भूक लागते, परतायला उशीर लागतो आणि अंथरुणावर पडताच झोप लागते. यांतला प्रत्येक अर्थ आपल्याला शेजारच्या शब्दावरून कळतो, आणि ‘गेट’चेही नेमके तसेच आहे.

हे क्रियापद इंग्रजीत जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या भाषेतून आले आणि मिळवणे हाच त्याचा मूळ अर्थ. ‘फरगेट’मधले ‘गेट’ही त्याच कुळातले, हाती असलेले निसटले की विसरणे आलेच. पुढे नाम आले तर मिळणे किंवा आणणे, विशेषण आले तर होणे (‘गेट वेट’, भिजणे), आणि ‘टु’सह ठिकाण आले तर पोहोचणे. ‘वुई गॉट टु स्वारगेट’ या वाक्यातल्या दोन ‘गेटां’चा मात्र एकमेकांशी संबंध जोडू नये, फाटकाच्या ‘गेट’चा स्वर लांब असतो, देवनागरीत आपण दोन्ही सारखेच लिहितो एवढेच.

आता नातीचे केस. मराठीत ‘मी काल केस कापले’ असे म्हटले, तरी कात्री न्हाव्याच्या हातात होती हे ऐकणारा गृहीत धरतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला साधारणपणे वाटेल की मुलीने आरशासमोर उभे राहून स्वतःच कात्री चालवली. काम दुसऱ्याकडून करवून घेतले, हे सांगण्यासाठी ‘गॉट’ येतो, मग ज्यावर काम झाले ती वस्तू आणि शेवटी क्रियापदाचे तिसरे रूप. ‘आय गॉट द सायकल रिपेअर्ड’ म्हणजे सायकल दुरुस्त करून घेतली. आपले ‘करून घेणे’ इतके जवळ असताना शाळेत ही रचना याच शब्दांत का समजावत नाहीत, याचे नवल वाटते. तेव्हा नातीचे वाक्य निर्दोष आहे.

मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना मात्र ‘मिळाले’ या अर्थी तिने ‘गॉट’ऐवजी ‘रिसीव्ह्ड’ लिहावे. अमेरिकी मालिकांतून कानावर पडणारे ‘गेट’चे तिसरे रूप ‘गॉटन’ तिकडे शुद्धच आहे, पण आपली पाठ्यपुस्तके ब्रिटिश वळणाची असल्यामुळे उत्तरपत्रिकेत ‘गॉट’च ठेवावे.