जुना डिजिटल मल्टिमीटर जास्त रीडिंग दाखवतो, आतला प्रीसेट फिरवू का?

तुम्ही लिहिलंय की एकच 9 व्होल्टची बॅटरी नव्या मीटरवर 9.38 दाखवते आणि जुन्या साडेतीन अंकी (1999 पर्यंत आकडा दाखवणाऱ्या) मीटरवर 9.46. मागचं झाकण काढल्यावर लाखेचा ठिपका लावलेला प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर) दिसला, तो फिरवू का, असा तुमचा प्रश्न आहे.

आत्ता फिरवू नका. दोष दुसरीकडे असताना प्रीसेट हलवला तर एका रेंजवर आकडा जुळतो आणि बरोबर असलेल्या रेंज बिघडतात. मग मूळ दोष शोधणं दुप्पट अवघड होतं.

रीडिंग कमी नाही, जास्त येतंय, हे नीट लक्षात घ्या. अशा कितीतरी जुन्या मीटरांत आयसीएल 7106 ही 40 पायांची आयसी असते. ती मोजायचं व्होल्टेज आणि आतलं रेफरन्स व्होल्टेज (तुलनेसाठी धरलेलं ठरावीक व्होल्टेज) यांचं गुणोत्तर काढते. 200 मिलिव्होल्टच्या रेंजला रेफरन्स 100.0 मिलिव्होल्ट लागतो. मीटरची स्वतःची बॅटरी फार उतरली की हा रेफरन्स खाली सरकतो आणि भाजक लहान झाल्यामुळे आकडा वाढतो. म्हणून आधी मीटरमध्ये नवी बॅटरी घाला. अनेकदा प्रश्न इथेच मिटतो.

नाही मिटला तर 200 मिलिव्होल्टची डीसी रेंज तपासा. दीड व्होल्टचा सेल, 10 किलोओहम आणि 1.2 किलोओहम ओळीने जोडा. लहान रेझिस्टरवर 160 ते 170 मिलिव्होल्ट मिळतील. दोन्ही मीटर तिथेच एकाच वेळी लावा. इथे आकडे जुळले आणि 20 व्होल्टला जुळले नाहीत, तर प्रीसेट निर्दोष आहे. दोष इनपुटच्या डिव्हायडरमध्ये, म्हणजे मोठं व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणाऱ्या रेझिस्टरांच्या साखळीत आहे.

या डिव्हायडरची बेरीज सहसा 10 मेगओहम असते आणि त्यात वरचा रेझिस्टर 9 मेगओहमचा. त्याच्या दोन टोकांमध्ये जुना फ्लक्स (सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट थर), बोटांचा घाम, ओलसर धूळ साचून 1000 मेगओहमची गळतीची वाट तयार झाली, तरी रीडिंग 0.8 टक्क्याने वाढतं. माझ्याकडच्या एका मीटरवर 1.500 च्या जागी 1.512 येत होतं. रेझिस्टर काढून मोजला तर ठणठणीत. पुन्हा बसवून बोर्डावर तोंडाने हलकी वाफ सोडली, तर शेवटचे दोन अंक वर पळाले आणि बोर्ड वाळल्यावर हळूहळू खाली आले. तेव्हा खात्री पटली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो भाग दोनदा धुतला, रात्रभर वाळू दिला, आणि आकडा 1.500 वर आला. प्रीसेटला हात लावावा लागला नाही.

रोटरी स्विचचे कॉन्टॅक्टही त्याच अल्कोहोलने पुसा. सँडपेपर अजिबात नको, वरचा सोन्याचा मुलामा पातळ असतो. तेलकट स्प्रेही नको, त्याचा थर मागे राहतो. डिस्प्लेचे काही सेगमेंट गायब असतील तर काचेखालची काळी-पांढरी रबरी झेब्रा पट्टी अल्कोहोलने पुसून परत बसवा. फ्यूज उडालेला असेल तर त्याच व्होल्टेजचा, त्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा घाला. झाकण उघडं असताना मेन्सचं व्होल्टेज कधीही मोजू नका.

सगळ्याच डीसी व्होल्टेज रेंजवर सारख्याच टक्क्याने चूक असेल तर मात्र रेफरन्स सरकला आहे. आयसीच्या 35 आणि 36 नंबरच्या पायांमध्ये तो मोजता येतो. तुलनेचा मीटर तुमच्या मीटरपेक्षा किमान चौपट अचूक हवा. साडेचार अंकी, अलीकडेच कॅलिब्रेट झालेला मिळाला तर उत्तम. 'नवा आहे म्हणून बरोबर' हे गृहीत धरू नका. तुमच्या 9.38 बद्दलही माझं हेच म्हणणं आहे.

प्रीसेट फिरवण्याआधी त्याच्या जागेचा फोटो काढा. मीटर अर्धा तास चालू ठेवा. मग 200 मिलिव्होल्टच्या रेंजवरच, प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, केसभर सरकवत आकडा जुळवा. झाकण लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, आणि आकडा जागेवर असला तरच नेलपॉलिशचा एक थेंब टाकून प्रीसेट बंद करा.